औषधाचा वर्षाचा हिशेब



गोदाकाठच्या या देवमामलेदार पटांगणात वेदान्तावर व्याख्याने झाली, राजकारणावर झाली, इतिहासावर झाली. त्या मालिकेत ‘औषधाचा वर्षाचा खर्च कसा काढावा’ हा विषय म्हणजे पंगतीत श्रीखंडाच्या वाटीशेजारी हिंगाची डबी ठेवण्यासारखेच आहे. संयोजकांना मी विषय कळवला तेव्हा ते क्षणभर घुटमळले, “लोक येतील ना?” असे त्यांनी विचारले. आपण आला आहात. याचे श्रेय वक्त्याला नाही हे मी जाणतो. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी फ्रिजवर नाहीतर देव्हाऱ्याशेजारी औषधांचा एक डबा आहे, आणि तो डबाच आपल्याला येथे घेऊन आला आहे.

प्रथम एक खुलासा. मी डॉक्टर नव्हे, औषधविक्रेताही नव्हे. सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात माझे आयुष्य गेले. तेव्हा कोणते औषध घ्यावे, कोणते सोडावे, याविषयी माझ्या तोंडून एक अक्षर निघणार नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, तिच्या पुढचे गणित तेवढे माझे.

ताप-खोकल्याच्या औषधाचा वर्षाचा हिशेब कोणी करत नाही, करण्याचे कारणही नाही. पाच दिवस गोळ्या घेतल्या, विषय संपला. परंतु रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा, काचबिंदू ही दुखणी पाहुण्यासारखी येऊन जात नाहीत. ती घरातच राहतात. दूध, वाणी, वीज यांच्यासारखा त्यांचाही रोजचा खर्च असतो. असे असून दुधाचा वर्षाचा आकडा विचारला तर गृहिणी बसल्या जागी सांगते, आणि औषधाचा विचारला तर म्हणते, “लागतात की महिन्याला सात-आठशे.” या ‘सात-आठशे’मध्येच सारा घोटाळा आहे.

घोटाळा पहिला महिन्याचा. आपण तीस दिवसांच्या गोळ्या आणतो आणि खर्चाला बाराने गुणतो. बारा त्रिक छत्तीस, म्हणजे ३६० दिवस. पाच दिवस कुठे गेले? काही गोळ्या चौदाच्या स्ट्रिपमध्ये येतात. दोन स्ट्रिप म्हणजे महिना असे धरणारा मनुष्य बारा वेळा आणून ३३६ दिवसांचीच बेगमी करतो. एकोणतीस दिवस, म्हणजे जवळजवळ अख्खा फेब्रुवारी, त्याच्या हिशेबात नाही. म्हणून माझा आग्रह असा, की महिना विसरावा. दिवसाला किती गोळ्या, गुणिले ३६५, भागिले स्ट्रिपमधल्या गोळ्या. उरेल तो अपूर्णांक वरच्या पूर्ण आकड्याला न्यावा. रोज एक गोळी आणि दहाची स्ट्रिप असेल तर ३७ स्ट्रिप. रोज दोन आणि पंधराची असेल तर ७३० भागिले १५, म्हणजे ४९.

घोटाळा दुसरा स्ट्रिपच्या किमतीचा. उदाहरणापुरते धरा, एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या स्ट्रिप समोर आहेत. एक ९५ रुपयांना, दुसरी १२० रुपयांना. हात आपोआप ९५ कडे जातो. पण पहिलीत गोळ्या दहा आहेत आणि दुसरीत पंधरा. पहिलीची गोळी साडेनऊ रुपयांना पडली, दुसरीची आठ रुपयांना. रोज एक घेतली तरी वर्षाला स्वस्त वाटणारीचे ३,४६७ रुपये ५० पैसे आणि महाग वाटणारीचे २,९२० रुपये होतात. भाजीबाजारात पावशेराचा आणि किलोचा भाव मनातल्या मनात ताडणारी आपली माणसे औषधाच्या दुकानात हे गणित करत नाहीत. आजाराच्या धास्तीने की डॉक्टरांच्या अक्षराच्या धाकाने, कोण जाणे. पूर्ण स्ट्रिप नको असेल, तर सुट्या गोळ्यांचा दर स्ट्रिपच्या दराच्या प्रमाणातच लावावा असा सरकारी हुकूम आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

येथवरचे गणित तिसरीतला मुलगा करील. ते करण्याची वेळ माझ्यावर कशी आली, ते आता सांगतो.

माझी थोरली बहीण पंचवटीत राहते. आम्ही तिला अक्का म्हणतो. ती शिक्षिका होती. निवृत्तिवेतन मिळते, आणि ते हाती आले की ती पाकिटे करून ठेवते. वाणी, दूध, वीज, देवधर्म, औषध. हिशेबाला इतकी चोख, की माझ्यासारख्या तपासनिसाने तिच्यापुढे हात टेकावेत. तीन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, “रक्तदाबाच्या गोळ्या नियमित होत्या ना?” आम्ही सगळे एकमुखाने म्हणालो, “अगदी नियमित.” खोटे बोलत नव्हतो, तशी आमची खात्री होती.

घरी परतल्यावर विम्याच्या कागदांसाठी मी तिचा बिस्किटांचा डबा उघडला. मेडिकलची सारी बिले तारीखवार लावलेली होती. सवयीने मी बेरीज घेतली आणि सवयीनेच ताळा करून पाहिला. गोळी दिवसातून दोन वेळा होती, स्ट्रिप पंधराची. वर्षाला ४९ लागायला हव्या होत्या. बिलांत ३१ होत्या. पुन्हा मोजल्या, ३१ च. अठरा स्ट्रिप कमी, म्हणजे २७० गोळ्या, म्हणजे एकशेपस्तीस दिवसांचे औषध तिने घेतलेच नव्हते.

तिला विचारले. तिची वाणी तेव्हा जड झाली होती. तुटक शब्दांत जे सांगितले ते एवढेच, की पूर्वी गोळी एक वेळ होती, तेव्हा तिने औषधाच्या पाकिटाला तीनशे रुपये ठरवले. पुढे डॉक्टरांनी दोन वेळा केली. पाकीट तेवढेच राहिले. मग महिन्याच्या अखेरीस पुरत नसे तेव्हा ती सकाळची घेई, रात्रीची सोडी. कोणाला सांगितले नाही, कारण तिच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखे काही नव्हते. ती काटकसर करत होती, आणि काटकसर तिने आयुष्यभर केली होती.

झटका त्यामुळेच आला असे कोणी डॉक्टर छातीठोकपणे म्हणणार नाही, मग मी कोण म्हणणारा? मला दिसली ती हिशेबातली चूक. अक्काने अंदाज उलट्या टोकाने केला होता. आधी रुपये ठरवले आणि त्यांत गोळ्या बसवल्या. स्ट्रिपला १२० रुपयांप्रमाणे अठरा स्ट्रिपचे २,१६० रुपये होतात. वर्षाचा आकडा एकदा कागदावर मांडला असता तर ५,८८० रुपये लागतात हे तिला दिसले असते, आणि तिने नाही तर आम्ही भावंडांनी वरचे पैसे दिले असते. मागण्यासारखी रक्कमच नव्हती ती! पण दरमहा शंभर-दोनशेची तूट कोणाच्या नजरेस येत नाही. म्हणून माझे मागणे एवढेच आहे: हिशेब दिवसांपासून सुरू करावा आणि रुपयांपाशी संपवावा; रुपयांपासून सुरू करू नये. आणि वर्षाअखेरीस लागायला हव्या होत्या तेवढ्या स्ट्रिप खरोखर आल्या का, हा ताळा घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करावा. औषधाचे बिल कमी आले म्हणजे बचत झाली असे समजू नये.

गोळ्यांचे हे झाले. पण जे औषध बाटलीत येते त्याचा हिशेब याहून फसवा असतो. इन्शुलिनची बाटली घ्या. आपल्याकडची नेहमीची बाटली दहा मिलिलिटरची, दर मिलिलिटरला ४० युनिट. म्हणजे एकूण ४०० युनिट. एखाद्या गृहस्थांना रात्री फक्त दहा युनिट लागतात. भागाकार सांगतो, बाटली चाळीस दिवस पुरेल, वर्षाला दहा बाटल्या पुष्कळ झाल्या. परंतु बाटली एकदा उघडली की साधारण चार आठवड्यांनी ती टाकून द्यावयाची असते. अठ्ठाविसाव्या दिवशी तीत १२० युनिट शिल्लक असतात आणि तरी ती टाकावी लागते. म्हणजे बाटल्या दहा नव्हेत, तेरा. उलट ज्यांना रोज तीस युनिट लागतात त्यांची बाटली तेरा दिवसांतच संपते; त्यांचे काही वाया जात नाही, त्यांना २८ बाटल्या लागतात. पेन वापरणाऱ्यांना दर वेळी टोचण्यापूर्वी दोन युनिट हवेत सोडून पाहावी लागतात. तीही धरली पाहिजेत, सुयाही धरल्या पाहिजेत. काचबिंदूच्या थेंबांचे तेच. बाटलीत औषध हलताना ऐकू येते, पण उघडून चार आठवडे झाले की बहुतेक थेंब टाकावयाचे असतात. वर्षाला तेरा बाटल्या. दम्याच्या पंपाने दोन वेळा दोन-दोन फवारे घेणाऱ्याला १२० फवाऱ्यांचा पंप तीस दिवस पुरतो. येथेही आकडा तेराच. आपल्याकडे तेरा हा आकडा अपशकुनी नाही, पण औषधाच्या हिशेबात तो फार वेळा भेटतो खरा.

नगांचे झाले, आता दराचे पाहू. नग किती लागतात हे शरीर ठरवते. दर माणसे ठरवतात, आणि कोणती माणसे कशी ठरवतात हे माहीत नसेल तर पुढल्या वर्षाचा अंदाज करता येत नाही.

सरकारची अत्यावश्यक औषधांची एक यादी आहे. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत. त्यांपैकी औषध असेल तर २०१३ च्या औषध दर नियंत्रण आदेशाप्रमाणे त्याला कमाल किमतीची मर्यादा असते, आणि ती दर १ एप्रिलला घाऊक किमतींच्या निर्देशांकानुसार हलते. २०२२ साली ती सुमारे १०.७७ टक्क्यांनी वाढू दिली, २०२३ साली १२.१२ टक्क्यांनी, २०२४ साली वाढ जवळजवळ शून्य होती आणि २०२५ साली १.७४ टक्के. मध्यंतरी नव्याने मर्यादा ठरली नाही अशा औषधाची शंभराची मर्यादा या चार एप्रिलांत सुमारे १२६ झाली. यादीबाहेरच्या औषधाला असा निर्देशांक नाही. कंपनीला बारा महिन्यांत दहा टक्क्यांपर्यंत वाढ करता येते. तिने दर वर्षी तेवढी केली तर चार वर्षांत शंभराचे १४६ होतात. तेव्हा आपले औषध यादीत आहे की बाहेर, हे एकदा पाहून ठेवावे. मर्यादेचे दर ‘फार्मा सही दाम’ या सरकारी ॲपवर दिसतात. आपल्याला जमत नसेल तर नातवाला बसवावे.

यादीतल्या औषधाची मर्यादा ठरते कशी, हे ऐकण्यासारखे आहे. औषध बनवायला किती खर्च आला, हे पाहून नव्हे. बाजारात एक टक्का किंवा अधिक वाटा असलेल्या कंपन्या दुकानदाराला जो दर लावतात त्याची सरासरी, अधिक दुकानदाराचे १६ टक्के. म्हणजे महागाईने विकणाऱ्यांच्या दरातूनच महागाईची सीमा निघाली! पुण्याचे डॉ. अनंत फडके आणि त्यांच्यासारखे जनआरोग्याचे कार्यकर्ते हा आक्षेप वर्षानुवर्षे घेत आले आहेत. १९९५ च्या आदेशात उत्पादनखर्च धरून दर काढीत. तो मार्ग सोडला गेला. माझ्या हिशेबनिसाच्या बुद्धीला जुना मार्ग अधिक सरळ वाटतो. कंपन्यांची बाजू अशी, की खर्चाचे कागद तपासण्यात भांडणे फार होतात. ते खरेच आहे. पण भांडणे होतात म्हणून तपासणी सोडावी, हे मी नोकरीत कधी कोणाला करू दिले नाही.

यातून सुटण्याची एक वाट म्हणजे कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावाने ते घेणे. जनऔषधी दुकाने २००८ साली सुरू झाली. तेथे तेच औषध बऱ्याचदा निम्म्याहून कमी दराने मिळते. डॉक्टरांना विचारून बदल करावा, आपल्या मनाने करू नये. मेडिकलवाले छापील किमतीवर दहा-पंधरा टक्के सूट देतात, गोळे कॉलनीतल्या घाऊक बाजाराजवळ कोणी अधिकही देत असेल. ती घ्यावी, पण अंदाज छापील किमतीवरच करावा, कारण सूट देणाराचे मन बदलते. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर बाराचा पाच टक्के झाला. त्यापूर्वीची बिले घेऊन अंदाज करणाराने एवढी दुरुस्ती करावी.

आता जरा नाशिकबाहेर पाहू, कारण औषधाचा वर्षाचा आकडा जगासमोर मांडून जगाला खडबडून जागे केल्याची गोष्ट आपल्या मुंबईतच घडली आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत आपल्याकडची औषधे स्वस्त नव्हती. अमेरिकेच्या सिनेटमधील केफॉव्हर यांच्या समितीने १९५९ पासून औषधांच्या किमतींची चौकशी केली, तेव्हा किमती सर्वांत जास्त असलेल्या देशांत तिने हिंदुस्थानचा उल्लेख केला. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, पेनिसिलिन येथे होऊ लागले. पण पेटंटचा कायदा इंग्रजांच्या अमदानीतला, १९११ चा होता. १९७० साली नवा कायदा झाला. त्याने औषध या वस्तूवरचे पेटंट काढून टाकले, ते बनवण्याच्या कृतीवर तेवढे ठेवले. तीच वस्तू वेगळ्या कृतीने बनवा, कोणी अडवणार नाही. १९३५ साली मुंबईत स्थापन झालेल्या सिप्लासारख्या कंपन्या या कायद्यावर वाढल्या.

२००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाचे युसुफ हमीद यांनी जाहीर केले, की एड्सवरची तीन औषधे मिळून एका रुग्णाला वर्षाला ३५० डॉलरमध्ये आपण सेवाभावी डॉक्टरांच्या संघटनेला देऊ. पाश्चात्त्य देशांत त्याच उपचाराला तेव्हा वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर पडत. हमीदांनी गोळीचा भाव सांगितला नाही, वर्षाचा सांगितला. त्यामुळे मंत्र्यांना, देणगीदारांना आणि वृत्तपत्रांना एकदम कळले, की दिवसाला एक डॉलरही पडत नाही. एका कोटी रुग्णांना किती, हे मग कोणीही काढू शकत होता. त्यानंतर किमती आणखी उतरल्या. आपल्या देशात २००४ पासून ही औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळू लागली.

२००५ साली आंतरराष्ट्रीय व्यापार करारामुळे औषधावरचे पेटंट पुन्हा आले. तेव्हापासूनचे दोनच आकडे देतो. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील नेक्साव्हर या औषधाची महिन्याची किंमत २,८०,४२८ रुपये होती. वर्षाचे ३३,६५,१३६ झाले. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट महानियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला, महिन्याला ८,८८० रुपयांपेक्षा जास्त घ्यावयाचे नाहीत या अटीवर. वर्षाचे १,०६,५६०. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली तो निर्णय उचलून धरला. सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत औषध मिळते का, हा प्रश्न त्या निकालाच्या केंद्रस्थानी होता. आणि परवडते की नाही हे वर्षाचा आकडा मांडल्यावाचून कळत नाही.

दुसरे उदाहरण लहान मुलांचे आहे. मज्जारज्जूतील पेशी क्षीण होऊन स्नायू दुबळे होण्याचा एक जन्मजात आजार आहे, एसएमए. त्यावरचे रिस्डिप्लाम हे औषध ६० मिलिग्रॅमच्या बाटलीत येते, आणि मूळ कंपनीच्या बाटलीची छापील किंमत आपल्याकडे सुमारे ६ लाख २० हजार रुपये होती. हे औषध वजनावर देतात. दोन वर्षांवरील बारा किलोच्या मुलाला रोज ३ मिलिग्रॅम. बाटली वीस दिवस जाते, वर्षाला १९ लागतात. वीस किलोच्या पुढे रोज ५ मिलिग्रॅम; बाटली बारा दिवसांत संपते, वर्षाला ३१. कंपनीच्या सवलतयोजना बाजूला ठेवल्या तर १ कोटी १८ लाखांचे १ कोटी ९२ लाख होतात. मुलाचे वजन वाढले म्हणून कोणते आईबाप धास्तावतील? पण येथे तशी पाळी येत होती. २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने, आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने, नॅटकोला हे औषध विकण्यापासून रोखण्यास नकार दिला, आणि १५,९०० रुपये छापील किमतीची बाटली बाजारात आली. एकतीस बाटल्यांचे ४,९२,९०० रुपये. हेही मध्यमवर्गाला जड आहे. परंतु भावकी, शाळा, गाव मिळून गोळा करण्याच्या आवाक्यात ते आले.

एवढ्या मोठ्या आकड्यांवरून पुन्हा आपल्या डब्याकडे येतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ साली देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी आपल्या खिशातून केला. हा खिसा तुमचा-आमचाच. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले आहेत. रक्तदाब-मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या तेथे मिळतात. रांग असते, कधी साठा संपलेला असतो. तरी ज्यांचा वर्षाचा आकडा निवृत्तिवेतनात बसत नाही त्यांनी संकोच न करता जावे, आणि साठा नसेल तर तसे लिहून मागावे. डॉक्टरांनाही आकडा सांगावा. “साहेब, या चिठ्ठीचे वर्षाला एकवीस हजार होतात, माझ्याच्याने अकरा जमतील,” असे म्हटले तर बहुतेक डॉक्टर दुसरा मार्ग सुचवतात. “महाग पडते हो” असे पुटपुटले तर ते मान हलवतात आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावतात.

अक्का आता काठीच्या आधाराने चालते. पाकिटे अजून करते. औषधाच्या पाकिटावर मात्र आता रुपयांऐवजी स्ट्रिपचा आकडा लिहिलेला असतो, आणि दर तीन महिन्यांनी ताळा करायला मी जातो. तिला ते आवडत नाही. तपासनीस कोणालाच आवडत नाही.

व्याख्यानाची वेळ संपली आहे. मी अजून अर्धा तास या पायरीवर बसणार आहे. कोणाच्या खिशात चिठ्ठी असेल तर घेऊन यावी. वर्षाच्या स्ट्रिप मोजून देईन. चष्मा आणि पेन्सिल बरोबर आणली आहे.